तहकूब

शुक्रवार. जुम्म्याहून परतलेल्या चपला
दाराशी अजून तापलेल्या.
खोली नंबर तीन, साहमच्या मागे, अरबाबाच्या लिंबबागेत.
सिलिंडरवर पाट टाकून
हसनमियाँ टेमकर अध्यक्षस्थानी.
हजर सतरा. गणपूर्तीला नऊ पुरतात,
हे मीच ठरवलं, कारण वही माझी,
आणि गावी पाच वर्षं पंचायतीत मी शिपाई होतो.
सभेत चहा फिरवताना कानावर पडलेली भाषा
ओमानात येऊन कामी आली.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.

विषय एक. टँकर.
बुधवारी येतो म्हणाला, शनिवारी आला,
तोही मचूळ. डाळ तीन शिट्ट्यांनीही शिजेना.
वासुदेव शिगवण म्हणाला,
फलजमधून खजुरांना पाळी मिळते,
आपल्यालाही एक पाळी मागू.
अरबाबाशी बोलायचं कुणी, यावर
सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

विषय दोन. शेजारच्या बकऱ्या.
रऊफ होडेकरने पायजमा सभेसमोर ठेवला,
एका पायाचा.
ठराव : दोरी दोन हात वर बांधावी.
बुटक्या सभासदांची हरकत नोंदवून घेतली.

विषय तीन. सिल्हेटचा मोफिजुल.
महिना दोन रियाल वर्गणी भरतो,
मराठी येत नाही, तरी आम्ही हात वर केला की करतो.
त्याचं मत धरायचं का?
बरीच चर्चा. कुणी म्हणालं, गावीही
निम्मे लोक असेच हात वर करायचे.
सर्वानुमते धरलं. मग त्याने विचारलं,
मघाशी कशाला मत दिलं?
बकऱ्यांच्या विरोधात, मी सांगितलं.
तो म्हणाला, मग ठीक.

विषय चार. दिलावर सोलकर याची खाट.

दोन महिन्यांच्या रजेवर गेला, हा अकरावा.
आधी फोन वाजायचा,
मग एक बाई उचलून म्हणायची, ते घरात नाहीत,
आता नुसताच तो बाईचा दुसरा आवाज, सगळ्यांना सारखाच बोलणारा.
खिडकीखालची खाट तशीच.
उशाशी घडी घातलेलं पांघरूण,
खाली पत्र्याची पेटी, कुलूप लावलेली.
तिचं भाडं आम्ही वाटून भरतो.
दर महिन्याला मी विषय वाचतो,
दर महिन्याला लिहितो : तहकूब.

आणि अनिस वांगडे, एकोणीस वर्षांचा,
मार्चपासून दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर,
पाय फ्रिजखाली.
त्याला विचारलं, तर म्हणाला,
खाली गार लागतं, मला चालतं.
ऑगस्टात.

सूचक कोण, हसनमियाँनी विचारलं.
कुणी खोकलं.
कुणी दोरीचा विषय पुन्हा काढला.
लिही, हसनमियाँ म्हणाले,
आणि मी 'त' लिहिला तेवढ्यात
बाहेर हॉर्न.

टँकर!
अध्यक्ष पाटावरून उठले ते बादली घेऊनच.
सतरा माणसं, एकतीस भांडी, एक पाईप,
मोफिजुल पाईप धरून हुकूम सोडत होता
आणि सगळे त्याचे ऐकत होते.

रात्री वही पुरी करायला बसलो.
पेटी वासुदेवच्या खाटेखाली सरकलेली.
कधी, कुणी, विचारलं नाही.
अनिस खिडकीखाली आडवा,
एका कडेला, अंग चोरून,
जणू दुसरी बाजू कुणाची तरी आहे.
पांघरुणाची घडी मोडली नव्हती त्याने.

तो 'त' मी खोडला नाही. शेजारी लिहिलं :
सूचक, कुणी नाही.
अनुमोदक, कुणी नाही.
मंजूर.

मग पाणी प्यायला उठलो.
या खेपेचं गोडं निघालं,
तेही लिहिलं, वर, विषय एकखाली,
जागा उरली होती तिथे.