सगळ्यात हळू

दात कोरून पोट भरत नाही,
बाबा म्हणायचे.
माझं भरतं. गेली चार वर्षं,
रबाळ्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना,
वर आम्ही सहा जण आणि एक बेसिन.

मुठीत मावेल एवढं यंत्र.
पोटात दीडशे मिलीची टाकी,
तिच्यावर पंप, अंगठ्याच्या पेराएवढा,
आणि चोचीला भोक:
शून्य पूर्णांक सहा मिलीमीटर.
तिथून पाणी ठेचकाळत बाहेर पडतं
मिनिटाला चौदाशे वेळा.
सलग धार हिरडीला सोसत नाही,
तिला मधे मधे श्वास लागतो,
हे मी पुस्तकात वाचलं होतं.
पुस्तकात वाचलेलं गळतं,
बहुतेक वेळा स्विचच्या खालून.

सतरा वेळा गळलं.
सतराव्या वेळी मढवीकाकांनी ओ-रिंग
जिभेवर ठेवून पाहिली, खरंच जिभेवर,
आणि म्हणाले, "कडक हाय गो.
साठ शोरची हाय ही, पन्नासची आन."
त्यांचे वडील घणसोलीच्या खारबांधावर
उघाडी सांभाळायचे.
भरतीचं पाणी कुठून शिरेल
हे या घराला यंत्रांच्या आधीपासून कळतं.
अठरावं गळलं नाही.

चाचणीला प्लास्टरचे जबडे.
फटींत आम्ही शेंगदाण्याचं कूट भरायचो,
कधी कुणाच्या डब्यातली मेथी.
धार लागली की कूट उडायचं,
आरशावर, चष्म्यावर,
आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.
प्लास्टरचा जबडा ओरडत नाही,
म्हणून आम्ही दाब वाढवत गेलो.

सगुणाबाई दुपारी फरशी पुसायला येतात.
सकाळी ऐरोलीत
तीन घरची तान्ही बाळं न्हाऊ घालून.
तीस वर्षांची मशेरी,
हसताना तोंडावर हात.
एका शनिवारी म्हणाल्या,
"मला बघू द्या की तुमचं पिचकारीचं."
मी एक नंबर लावून दिला,
आमचा सगळ्यात हळू.

त्या वाकल्या. झटकन मागे झाल्या.
पदरानं ओठ टिपले.
बेसिनमध्ये कोकमात पाणी जास्त पडावं
तसा रंग.
"ताई, ह्याला हळू म्हणता?"
चिडल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या.
मग नळ सोडला,
आपला तळवा धारेखाली धरला
आणि बोटांवरून घरंगळणारं पाणी
माझ्या मनगटावर पडू दिलं.
"टाळूवर असं सोडायचं असतं.
आधी आपल्या हातानं झेलायचं,
मग बाळाला द्यायचं."

त्या दिवशी मी काही लिहून घेतलं नाही.

पुढचे तीन आठवडे
मोटरची मनधरणी केली.
पळायला सांगा, पळते.
हळू चाल म्हटलं की अडखळते,
गरम होते, रुसून बंद पडते.
मढवीकाकांनी चोचीला सिलिकॉनचा ओठ काढला,
आत किंचित खोलगट, तळव्यासारखा.
पाणी आधी त्याच्यावर पडतं,
मग हिरडीवर.
आकडा काय द्यायचा त्याला?
टिपणीस म्हणाला, "शून्य लिहू नका,
लोकांना वाटेल बंद आहे.
खरं तर काढूनच टाका, हळू कोण विकत घेतं?"
त्याच्याशी मी भांडले, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.
शेवटी आकडा राहिला नाही.
एक उंचवटा राहिला, तांदळाच्या दाण्याएवढा,
अंधारात अंगठ्याला सापडेल असा.

तो एकोणिसावा नमुना
चिकटपट्टी लावलेला, सगुणाबाईंच्या दिघ्याच्या घरी आहे.
नातू त्यानं मुंग्यांच्या रांगा मोडतो,
सूनबाई फणी धुते.
मशेरी सुटलेली नाही.
डॉक्टरकडे चला म्हटलं की
सोमवारचा वायदा मंगळवारवर जातो.

पण रोज रात्री, सगळे झोपल्यावर,
एक टाकी, त्या म्हणतात. कोमट पाण्याची.
हसताना हात अजून तोंडावर जातो त्यांचा.
मी बघत असते.
आता जरा उशिरा जातो.