दहा अक्षरं

एकतीस वर्षं मी दगडावर तेच कोरतोय.
नॉर्वेच्या या बेटांवर थडग्यांना तेच लागतं:
नाव, दोन तारखा, आणि तळाशी
'सगळ्याबद्दल आभार'.
आमच्या भाषेत तीन शब्द, दहा अक्षरं.
झोपेतही हात चुकणार नाही.
अक्षरामागे दर ठरलेला,
आणि दुखवट्यातलं माणूस घासाघीस करत नाही.

फेब्रुवारीत गुडलाउग आली.
बुटांवरचा बर्फ उंबऱ्याशी झाडला,
हातमोजे काढलेच नाहीत.
आस्ब्यॉर्नसाठी दगड. काळा. चकचकीत नको.
मी वही उघडली
आणि सवयीने खालची ओळ लिहूनही टाकली.
"ते खोड," ती म्हणाली.
"सगळं म्हणजे काय काय?"

मी पेन्सिलीला टोक करत बसलो.

"चाळीस वर्षं ताटावरून उठताना
तो म्हणायचा, जेवणाबद्दल आभार,
आणि मी म्हणायचे, पचू दे.
तोंडं बोलायची.
आम्ही दोघं तिथे नसायचोच."

मग कोटाच्या खिशातून निघाला
मासळीच्या पाठकोऱ्या पावत्यांचा गठ्ठा.
नोव्हेंबरपासून, सूर्य बुडून गेला तेव्हापासून,
रोज एक आठवण लिहायची,
त्याशिवाय दिवा मालवायचा नाही,
हा नेम तिचा तिनेच घालून घेतलेला.
एकीवर: बटाट्याची साल पातळ काढायचास.
एकीवर: माझ्या आईला तीच गोष्ट
सतराव्यांदा सांगू दिलीस.
आणि एकीवर नुसती तारीख.
"त्या दिवशी राग आला होता," म्हणाली,
"मेला म्हणून.
पण बसले होते लिहायला. तारीख घातली."

दगडासाठी तिने निवडलं ते हे:
मागच्या दाराच्या बिजागरीला
तेल घातल्याबद्दल.
ती पहाटेच्या पाळीला निघायची,
मुलं जागी होऊ नयेत म्हणून
तो न सांगता घालायचा.
तिला कळलं ते तो गेल्यावर,
दार कुरकुरायला लागलं तेव्हा.
मी अक्षरं मोजली. महाग पडेल म्हटलं.
"पडू दे."

त्या रात्री जेवताना मी सोल्फ्रिडला म्हणालो,
माझे शर्ट धुण्याआधी
तू अंगणात नेऊन दगडाची भुकटी झटकतेस,
थंडीत, वाऱ्याकडे पाठ करून.
त्याबद्दल आभार.
तिने चमचा खाली ठेवला.
"डॉक्टरकडे गेला होतास का?
काय सांगितलं त्यांनी?"
काही नाही गं, म्हटलं.
पण त्या रात्री दोनदा
तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोपं नाही हे.
ग्रॅनाइटला आपला एक कल असतो,
त्याच्या विरुद्ध छिन्नी धरली
की ठिणगी उडते, अक्षर उमटत नाही.
जिभेलाही तसाच कल असतो.
भांडण झालेल्या दिवशी
'कॉफी गरम होती' एवढंच निघालं,
तेही दाराकडे बघून.
आभारात भार आहे, तो उचलावा लागतो.
मी आयुष्यभर दगड उचलले,
आणि हा हलेना.

हळूहळू तीही बोलू लागली.
परवा म्हणाली, तुझं घोरणं थांबलं
की मला जाग येते.
हे आभार की तक्रार, मी विचारलं नाही.
बरं वाटलं.

जूनमध्ये जमीन उकलली, दगड बसवला.
आस्ब्यॉर्नचा भाऊ ओळ वाचून आधी हसला,
मग टोपी काढून
बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला.
शेजारच्या दगडावर माझीच जुनी दहा अक्षरं,
सुबक, एकसारखी,
कुणाचीही.

आता रात्रीचे साडेअकरा.
आजचं काही सापडलेलं नाही.
सोल्फ्रिड कुशीवर वळून वाट बघतेय.
नेम तर गुडलाउगचाच उचललाय मी,
दिवा मालवण्याआधी.
पण इथे जूनमध्ये दिवा लावतच नाहीत,
खिडकीत ऊन तसंच उभं आहे,
आणि मी अजून शोधतोय.