जोडा क्रमांक तेरा

माझं काम चालायचं.
हॉलिवूडच्या मागच्या गल्लीत, सत्तेचाळीस साली,
पडद्यावर कोणीही चालो, पाय माझे.
नऊ खुनी चालले मी, दोन विधवा,
एक लंगडा जुगारी,
आणि एक बाई, जी जिना उतरताना
मेल्यातच जमा असते; तिला फक्त ठाऊक नसतं.

एका खोक्यात वाळू, एकात खडी.
हाड मोडायचं तर सेलरीची जुडी, ओल्या फडक्यात.
निर्माता क्विम्बी पैपैचा हिशेब ठेवायचा,
मोडलेल्या हाडांचं सूप घरी न्या म्हणायचा.

दिवे बेरेकीकडे. झोल्टान बेरेकी, बुडापेस्टचा.
भिंती अर्ध्याच रंगवलेल्या असत, पैसे संपलेले,
उरलेल्या अर्ध्यावर तो काळोख टाकायचा.
टाकायचा कसला,
उजेड काढून घ्यायचा हलक्या हातानं,
दुधावरची साय काढावी तसा.
रस्ता टँकरनं धुऊन घ्यायचा दर शॉटआधी.
कोरडं डांबर उजेड गिळतं, म्हणायचा,
ओलं डांबर परत करतं, व्याजासकट.

चौथ्या रिळात धाड होती.
मी विचारलं, बूट कसले? नाल ठोकलेले?
किती जण?
तो शिडीवर, दिव्याची झडप वळवत होता.
"बूट वाजले असते
तर माझा भाऊ खिडकीतून निसटला असता.
जेवत होतो आम्ही.
दाराखाली रेघ असायची उजेडाची,
जिन्यातल्या बल्बची.
ती दोन ठिकाणी तुटली.
मग चार."

मग उतरला, आणि एकेक दिवा मालवत गेला.
एक ठेवला. दाराबाहेर, जमिनीलगत.

ध्वनिमुद्रणाच्या रात्री
तेरा नंबरचा जोडा मी घातला होता, पोलिसांचा.
काढून ठेवला.
अनवाणी उभी राहिले माइकसमोर
चाळीस सेकंद, काही न चालता.
काटा बशीला टेकल्याचा आवाज तेवढा दिला.
क्विम्बी ओरडला,
आवाजाचे पैसे मोजलेत मी, आवाज कुठाय?

पॅसाडिनाला पहिला खेळ.
तिसऱ्या रांगेत कुणी शेंगा फोडत होता.
रेघ तुटली दोन ठिकाणी.
तो थांबला.
त्याचं थांबणंसुद्धा ऐकू आलं
थेट माझ्या खुर्चीपर्यंत.

बेरेकी आत आलाच नव्हता.
थिएटरच्या दारावर दोनशे बल्ब जळत होते,
बरोबर त्यांच्या खाली उभा,
सावली पायाशी गोळा करून, सिगारेट ओढत,
पाठ माझ्याकडे.

मी फरशीवर टाचा आपटत गेले त्याच्याकडे,
मुद्दाम, गरजेपेक्षा जोरात,
लांबूनच कळावं त्याला
की कुणीतरी येतंय,
आणि ती मी आहे.