सदतीस नंबरची रेघ

पाटणच्या वर, वनकुसवड्याच्या सड्यावर
अठ्ठेचाळीस जिओफोन मी या हातांनी रोवले.
खिळ्याचं टोक टाचेनं दाबायचं
जांभा कच्चकन् फुटेस्तोवर.
"सैल राहिला तर तो जमिनीचं नाही, वाऱ्याचं ऐकेल,"
सस्मिता मॅडम म्हणायच्या.
ओडिशाच्या. मराठी तोडकंमोडकं,
पण 'थांबा' एकदम स्वच्छ.

याआधी त्या बोटीवर होत्या,
अंदमानच्या पलीकडं, जिथं समुद्रातला डोंगर धूर सोडतो.
तिथं म्हणे दाबलेल्या हवेचा बार पाण्यात काढायचा,
मागं मैलभर केबलची शेपटी,
आणि ऐकत जायचं
एक जमीन दुसरीच्या पोटाखाली कशी शिरते,
आणि वरती बेटांची माळ कशी उगवते.
"तिकडे कवच अजून शिजतंय.
तुमचं केव्हाच निवलं."
मी कड्याकडं पाहिलं.
काळे थर, एकावर एक,
कुणी जेवायलाच न आलेल्या घरातली
भाकरीची चळत.

पवनचक्क्या दिवसभर घुमायच्या.
त्यांची घरघर कागदावर उतरायची,
म्हणून पहाटे चारची वेळ, वारा पडल्यावर.
वाडीवर सांगायला मीच गेलो :
बार होईल, तोवर कुणी हलायचं नाही.
भागाबाई येडगे शेण थापत म्हणाली,
"ती आपणहून हलती की अधनंमधनं.
मुद्दाम कशाला हलवताय?"
याला उत्तर मॅडमकडंही नव्हतं.
त्यांनी नुसतं वहीत लिहून घेतलं.

चार वाजता
मुनाफभाईनं पेटवायची बिडी कानामागं खोचली.
कारवीतला किडासुद्धा गप्प झाल्यासारखा.
मग बार.
तळपायाला आधी कळलं, कानाला नंतर.
मॅडम मोजत होत्या ओठांतल्या ओठांत,
तेरा सेकंदांपर्यंत :
चाळीस किलोमीटर खाली जाऊन
तेवढंच वर यायला लागतात तेवढे.

रेघा उमटल्या. सत्तेचाळीस शहाण्या.
सदतीस नंबर मात्र
ठप ठप ठप ठप.
"कोण चाललं?"
मी बॅटरी घेऊन पळालो.
भागाबाई अनवाणी, हात कोपरापर्यंत ओले,
म्हैस अडलेली,
दोन काळे खूर बाहेर.
"तिला तुमचं घड्याळ कळतं व्हय रं?"
बॅटरी दगडावर ठेवून मीही ओढू लागलो.

मोठ्या अहवालात सदतीसची जागा कोरी आहे.
गोंगाट म्हणून काढली.
पण जाताना मॅडमनी ती पट्टी फाडून मला दिली.
रेशनकार्डाच्या डब्यात आहे.
वरच्या अंगाला पावलं, धावणारी, दाट.
मग बराच वेळ काही नाही.
पार तळाशी, नीट पाहिलं तर,
एक फिकट थरथर,
एवढ्या खोलून कुणी 'ओ' द्यावी तशी.

रेडकू जगलं. पारडी होती.
भागाबाईनं नाव ठेवलं सुरुंगी.
तिचीही आता दोन वेतं झाली.
धार काढताना लाथ मारते फार.