डावखुऱ्याचा ग्लोव्ह

कॉलेजच्या बेसबॉल टीमकडे डावखुऱ्याचा ग्लोव्ह एकच,
तो सेमीफायनलला उसवला.
फायनलच्या सकाळी नेरूळला
केणी सर दाभण घेऊन बसलेले,
दोरा दातांनी तोडत.
समोरच्या टीमचे ढाले सर आले,
काही न बोलता स्वतःचा जुना ग्लोव्ह
बाकावर ठेवून गेले.
दोघे एकेकाळी एकाच संघातले, म्हणतात;
अठरा वर्षं अबोला.

शेवटची इनिंग, दोन आउट.
त्यांच्याच पोराचा उंच फटका
उन्हात हरवला, पुन्हा दिसला,
आणि निनाद मढवीच्या हातात,
म्हणजे ढाल्यांच्या ग्लोव्हमध्ये,
येऊन बसला.

आम्ही नाचलो.
केणी सर मात्र ग्लोव्हवरची माती
शर्टाच्या बाहीने पुसत
परत द्यायला निघाले.
मैदान केवढं लांब असतं
ते मला स्कोअरबुक मिटताना कळलं.