असेल तर

धक्क्यावरच्या फलकाचा फॉन्ट हेरगेइरनं केला होता,
आधी चौकटींच्या वहीत, पेन्सिलीनं,
मग एकेक रांग आकड्यांत उतरवून:
एक-आठ, दोन-चार, चार-दोन, सात-ई.
म्हणजे आढं, म्हणजे दोन उतार, म्हणजे आडवा वासा.
म्हणजे ए.

आता फलक नवा, आणि फाइल वाचायचं काम माझ्याकडे.
आकार वाचला. चौकट वाचली.
त्यापुढे गुणधर्मांचा गठ्ठा असणारच, असं मी धरून चालले होते:
चढ किती, उतार किती, घराणं कोणतं, हक्क कुणाचे.
इथे गठ्ठाच नाही.
थेट अक्षरांची संख्या, दोनशे तीन.
माझा पार्सर तिथेच रुसून बसला,
नन्नाचा पाडा सुरू.

नियमांत स्वच्छ लिहिलंय: ऐच्छिक.
तो शब्द मी दहादा वाचला असेन
आणि दहादा त्याच्यावरून घसरले असेन.

मग केलं ते आळसाचं:
नाही ना? शून्य धर.
चढ शून्य.
सोमवारी सकाळी अख्खं वेळापत्रक
फलकाच्या छपरातून वर निघून गेलं,
खाली लोंबत राहिल्या नुसत्या शेपट्या.
ट्वोरोइरीतून वाचली एका वायची.
तोर्सहावनचं काहीच उरलं नाही,
राजधानी असून.
बोटीचा दोर गुंडाळत मॉर्टन म्हणाला,
"सुन्व्हा, गावं उडाली. पाय तेवढे विसरली."

शून्य म्हणणं हेही काही म्हणणंच.
हेरगेइरनं काही म्हटलंच नव्हतं.
त्याची चौकट मात्र होती: उंची सोळा, तळ उणे चार.
म्हणजे चढ बारा.
न सांगितलेलं असं शेजारच्या ओळीत
अर्धंमुर्धं सापडतं कधी कधी.

(हेरगेइर हे नावही मॉर्टनकडून कळलेलं.
फाइलीत हक्काच्या जागी कुणीच नाही.)

ताळा करायला फाइल उघडली, नुसत्या डोळ्यांनी,
तेव्हा दिसली एक टिप्पणी.
टिप्पण्या मी वाचताक्षणी फेकत होते,
माशाच्या खवल्यांसारख्या.
आमच्या त्या मुक्या अक्षराच्या वर होती ती,
वाकलेल्या पाठीचं, मानेवर काडी असलेलं ते अक्षर:
"काडी एक ठिपका लांब केलीय.
आई म्हणते, म्हणत नाही कुणी तर कशाला.
धुक्यात दिसली पाहिजे."

आमच्या बेटाच्या नावातच आहे ते.
सुवुरोय म्हणताना जीभ तिथे थांबत नाही.
लिहिताना हात थांबतो.

आता टिप्पणी मी ठेवते.
फाइल परत लिहिताना जिथल्या तिथे ठेवते,
फलकावर तिचा एक दिवाही लागत नाही.
साडेचारची बोट धुक्यातून आली तेव्हा
मी काचेमागून काडी मोजली.
चार ठिपके.

अजून दोन फाइली बाकी आहेत.
एकीत गुणधर्म सात म्हटलंय,
आहेत पाच.
बघू.