गडग्यावरची गुटी

अनंत त्यांच्या परड्यात, फांदी माझ्या.
मधे गडगा. तो हद्दीवर आहे असं आम्ही म्हणतो,
ते म्हणतात, सव्वा हात आत.
गुहागरच्या कोर्टात हा सव्वा हात
अकरा वर्षं तारखा खातोय.

फांदीला कोर्ट माहीत नाही.
ती वाकून आली, पेन्सिलीएवढी जाड झाली
आणि माझ्या धुण्याच्या दोरीवर
पाच पांढरी फुलं टेकवून मोकळी झाली.

मी तीस वर्षं पालशेतच्या रोपवाटिकेत
हापूसची कलमं बांधली. दिवसाला दोनशे.
कोय रुजली, पानं तांबडी असतानाच शेंडा उडवायचा,
मग काप, पाचर, पट्टी, गाठ.
माझ्या हातची झाडं पार देवगडापर्यंत गेली असतील,
माझ्या दारात मात्र एक तुळस,
तीही बायकोने लावलेली.
पट्टी बांधणाऱ्याला बाग नसते,
आंगठ्याला घट्टा असतो.

तर गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दुपारी,
सगळे जेवून आडवे झालेले,
चाकू काढला.
डोळ्याच्या जरा खाली बोटभर साल
गोल फिरवून सोलली.
आतला बुळबुळीत थर खरवडून काढायचा,
नाहीतर झाड आपली जखम आपणच भरून घेतं
आणि मूळ धरायचं विसरतं.
नवीन पोरांना हे शंभरदा सांगितलं असेन.
त्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही.

शेवाळ पाहिजे होतं. विकतचं कुठलं!
गडग्याच्या चिऱ्यांवर हे एवढं माजलेलं,
माझ्या बाजूचं ओरबाडलं.
पुरेना, म्हणून पलीकडे हात घालून त्यांच्या बाजूचंही.
पिळलं, तर पाणी एकाच रंगाचं.
सालीभोवती लिंपलं, वर पावाची पिशवी,
दोन्ही टोकांना सुंभ.
लांबून बघावं तर कोणी
लागलेल्या मनगटाला फडकं बांधल्यासारखं.

चोरून आणलेलं झाड जगतं म्हणतात.
पण आणलेलं.
हे तर अजून तिकडच्याच मुळांवर पाणी पीत होतं.

आश्विनात मोतीबिंदूसाठी चिपळूणला लेकीकडे.
आठ दिवस म्हणता म्हणता सतरा झाले.
डोळ्यावर हिरवी झापड, बाहेर ऑक्टोबर,
आणि मनात एवढंच, की शेवाळ वाळलं असणार.
लेकीला वाटलं, डोळा दुखतोय.

आलो तो चपला न काढता गडग्याशी.
पिशवीला आतून घाम.
शेवाळ ओलं, गार, आणि त्यातून
शेवयांसारखी पांढरी मुळं
प्लॅस्टिकला नाक लावून बाहेर बघणारी.
नव्या डोळ्याने ती मोजली. चौदा.

मग वरची गाठ दिसली. ती माझी नव्हती.
माझी गाठ उजवीकडे वळते, आणि सुंभाची असते.
ही होती काठाच्या चिंधीची,
पदरात सुटे पैसे बांधतात तशी,
सोडून परत बांधलेली, बऱ्याच वेळा;
चिंधी मळून काळी झाली होती.

कात्री घेऊन उभा राहिलो.
खोकलो. परत खोकलो.
शेवटी हाक मारली, "प्रमिलावहिनी,"
आणि पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.
मागीलदारी भांडी घासायचा आवाज थांबला.
"गाठीच्या खालून कापा, भावोजी.
आणि आधी निम्मी पानं काढा, नाहीतर सोसायचं नाही त्याला."
मला सांगतेय. मला!
मी म्हटलं, "बरं."
भांडी परत सुरू झाली.

पुढची तारीख सोळा डिसेंबरला आहे.
कुंडीतली पानं गळताहेत, पहिल्या पंधरवड्यात गळतातच.
दोन उरलीत.
चिंधी मी धुवून दोरीवर वाळत घातलीय,
ती पलीकडे द्यायची तर कशी,
अजून सुचलेलं नाही.